चौदा एप्रिलचा न शिकलेला धडा

चौदा एप्रिल हा दिवस महाराष्ट्राच्या मनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा म्हणून कायमचा कोरला गेला आहे. परंतु याच तारखेशी मुंबई शहराची आणखी एक आठवण बांधलेली आहे, आणि ती मात्र वर्षागणिक पुसट होत चालली आहे. १९४४ साली याच दिवशी, दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी, व्हिक्टोरिया गोदीत उभे असलेले ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज भीषण स्फोटाने फुटले. सुमारे अर्ध्या तासाने त्याच जहाजावर दुसरा स्फोट झाला. या स्फोटांचा हादरा दूरवर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आगीशी झुंजत असताना अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजचा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळ्यास मानवंदना होईल, पुष्पचक्रे वाहिली जातील, आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु हुतात्म्यांस वंदन करणे आणि ते का मेले याचा विचार करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण दरवर्षी निष्ठेने करतो. दुसरी टाळतो, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

त्या जहाजावर काय नव्हते? सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीहून चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. तेलाची पिंपे होती, गंधक होते, लाकूड होते, आणि सोन्याच्या विटाही होत्या. फटाके चुलीशेजारी ठेवू नयेत एवढे घरातील पोरासही कळते. युद्धाच्या घाईत ते सरकारास कळले नाही. जहाज १२ तारखेस गोदीत शिरले आणि १४ तारखेस आग लागली तेव्हाही ते दाट वस्तीच्या शेजारी, इतर जहाजांच्या रांगेत, धक्क्यास लागलेलेच होते. मृतांची नेमकी गणती कधी झालीच नाही. आठशेंपासून तेराशेंपर्यंतचे अंदाज आहेत. त्यांतील कित्येक जण जहाजावर नव्हते, गोदीतही नव्हते. जळत्या गासड्या, पोलादाचे तुकडे, कोसळलेल्या भिंती आणि त्यांमागून पसरलेली आग यांनी त्यांचा बळी घेतला. चौकशी आयोग बसला, अहवाल झाला. युद्ध संपले, गोदी पुन्हा उभी राहिली, आणि शहर आपल्या कामास लागले.

स्फोट म्हटला की आपले मन दोनच दिशांनी धावते. घातपात असेल तर तो पोलिसांचा विषय, आणि अपघात असेल तर तो दैवाचा. तिसरी एक दिशा आहे आणि ती स्थापत्यशास्त्राची आहे, हे आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. भूकंपात माणसास जमीन मारीत नाही, घर मारते, हे किल्लारीने १९९३ साली आणि भुजने २००१ साली आपल्याला शिकविले. स्फोटाचीही गोष्ट पुष्कळ अंशी तशीच आहे. स्फोटकाच्या अगदी निकट असलेल्या दुर्दैवी जिवांस कोणी वाचवू शकत नाही. परंतु त्यांच्या पलीकडे जी मोठी संख्या मरते, अंध होते किंवा जन्माची पांगळी होते, तिचे भवितव्य ती ज्या वास्तूत बसली आहे ती वास्तू कशी बांधली आणि कोठे बांधली, यावर ठरते. आमच्या मते चौदा एप्रिलचा खरा धडा हाच आहे.

स्फोट म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. क्षणार्धात निर्माण झालेला तप्त वायू आजूबाजूच्या हवेस इतक्या जोराने ढकलतो की दाबाची एक भिंतच ध्वनीहून अधिक वेगाने चोहोंकडे धावू लागते. ती इमारतीवर समोरून आदळली की परावर्तनामुळे तिचा दाब दुपटीहूनही अधिक वाढतो. हा आघात काही सहस्रांश सेकंद टिकतो. त्यापाठोपाठ उलटी ओढ निर्माण होते. म्हणूनच काही काचा आत उडतात आणि काही बाहेर रस्त्यावर पडतात. आता या दाबाचे माप पाहा. आपल्या सभोवार नित्य असलेल्या हवेच्या दाबात एकपन्नासांश भर पडली तरी खिडकीचे साधे तावदान फुटू शकते. कानाचा पडदा फाटण्यास त्याच्या कितीतरी पट, म्हणजे वातावरणाच्या सुमारे एकतृतीयांश दाबाची भर लागते. फुप्फुसांस गंभीर इजा होण्यास तर साऱ्या वातावरणाएवढा जादा दाब यावा लागतो, आणि तो येण्यापूर्वीच सळईविना बांधलेली विटांची भिंत ढासळलेली असते. निसर्गाने माणसाचे शरीर आपण समजतो त्याहून कणखर घडविले आहे. ठिसूळ आहेत त्या आपण आपल्याभोवती उभारलेल्या वस्तू.

याचा पुरावा लंडनच्या एका सकाळने दिला आहे. १६ मे १९६८ रोजी तेथील ‘रोनन पॉइंट’ या २२ मजली निवासी इमारतीत, अठराव्या मजल्यावरील एका बाईने पहाटे चहासाठी शेगडी पेटविली. गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. ती बाई वाचली. परंतु स्फोटाने एक भारवाही भिंत बाहेर ढकलली गेली, तिच्यावर विसावलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचे मजले कोसळले, आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे जमिनीस मिळाला. चार माणसे मरण पावली. जिच्या स्वयंपाकघरात स्फोट झाला ती जिवंत, आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता ते मृत! इमारत लोकांना राहावयास देऊन दोनच महिने झाले होते. इंग्लंडने या घटनेवर केवळ शोक केला नाही. एखादा खांब वा भिंत गेली म्हणून सारी इमारत जाता कामा नये, हानी ही कारणाच्या मानाने भलतीच मोठी होता कामा नये, असा नियम १९७० साली तेथील बांधकामाच्या कायद्यात आला. आज ज्या घरांत गॅसचे सिलिंडर नाहीत किंवा भिंतीतून गॅसची नळी गेलेली नाही अशी घरे आपल्या शहरांत किती आहेत? मग हा नियम आपल्यासाठी परका कसा?

दुसरा दाखला अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीचा. १९ एप्रिल १९९५ रोजी तेथील मरा संघराज्य-भवनासमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडविण्यात आला आणि १६८ जीव गेले; त्यांत १९ बालके होती. ती नऊ मजली इमारत काँक्रीटची होती, कायद्याप्रमाणे बांधलेली होती. परंतु तिच्या दर्शनी बाजूस खालच्या मजल्यांवर खांब विरळ ठेवून, वरच्या खांबांचा भार एका मोठ्या तुळईवर तोलून धरला होता. खालचे तीन खांब गेले आणि तुळई गेली. तुळई गेल्यावर इमारतीचा दर्शनी भाग थेट छपरापर्यंत खाली आला. पुढे वैद्यकीय संशोधकांनी जी मोजदाद केली ती प्रत्येक अभियंत्याने व प्रत्येक नगरसेवकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. इमारतीच्या कोसळलेल्या भागात १७५ माणसे होती, त्यांतील १५३ मेली. न कोसळलेल्या भागात १८६ माणसे होती, त्यांतील १० मेली. स्फोट एकच, क्षण एकच, इमारतही एकच. जीवनमरणाचा निवाडा केला तो डोक्यावरील स्लॅब राहिला की गेला, या एका गोष्टीने. भूकंपप्रवण प्रदेशात खांब-तुळयांना ज्या प्रकारे सळया व रिंगा घालतात तशा येथे घातल्या असत्या, तर पडझड पुष्कळ कमी झाली असती आणि खर्चात अगदी थोडी भर पडली असती, असा चौकशीअंती तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

काचेची कहाणी याहून करुण आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे एक जहाज पेटले. थंडीची सकाळ, बंदरात जळणारे जहाज, आणि ते पाहण्यासाठी गावातील माणसे आपापल्या घरांच्या खिडक्यांशी उभी राहिलेली. जहाज फुटले आणि शहराची तावदाने त्या पाहणाऱ्या डोळ्यांत शिरली. शल्यचिकित्सकांना दोनशेंहून अधिक डोळे काढून टाकावे लागले. त्यानंतर एका शतकाने, ४ ऑगस्ट २०२० रोजी, लेबनॉनमधील बैरूत बंदरातील गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले, तेव्हाही लोक धूर पाहण्यास खिडक्यांत व गच्च्यांवर आले होते. भेद एवढाच की त्यांच्या हाती आता भ्रमणध्वनी होते. दोनशेंहून अधिक माणसे मेली, हजारो जखमी झाली, आणि त्या जखमींतील कितीतरी जणांच्या अंगांतून काचा काढाव्या लागल्या. मात्र त्याच बैरूतमध्ये गोदामाशेजारी उभ्या असलेल्या धान्याच्या प्रचंड काँक्रीटी कोठारांनी स्फोटाचा मारा अंगावर घेतला, आणि त्यांच्या आडोशास असलेल्या शहराच्या पश्चिम भागाची हानी त्या मानाने कमी झाली. ती कोठारे कोणी ढाल म्हणून बांधली नव्हती. जी ढाल योगायोगाने उभी राहिली ती हेतुपूर्वक उभारता येते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु ढालीहूनही, काचेहूनही, खांबाहूनही श्रेष्ठ असे एक संरक्षण आहे आणि त्यास सिमेंट लागत नाही. ते म्हणजे अंतर. स्फोटशास्त्रातील एक नियम मोठा बोलका आहे: स्फोटक आठपट केले तर तेवढाच दाब पोचण्याचे अंतर आठपट होत नाही, दुप्पट होते. हाच नियम उलटा वाचावा. धोक्याच्या जागेपासून तुमचे घर दुप्पट दूर नेले, तर आठपट मोठा स्फोट होईपर्यंत त्या घरास पूर्वीइतका दाब सोसावा लागत नाही. म्हणून दारूगोळ्याची कोठारे दूर दूर बांधतात, त्यांच्यामध्ये मातीचे बांध घालतात, आणि कोणत्या कोठारात किती माल ठेवावयाचा याची मर्यादा आखून देतात. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात अनर्थ घडला. पंधराहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतही बहुतेक आग विझविणारेच होते. परंतु एका कोठाराची आग शेजारच्या कोठारांत पसरली नाही. ती पसरती तर विदर्भाच्या नकाशावर काय उरले असते याची कल्पनाही करवत नाही.

अंतराचा हा नियम मोडला म्हणजे काय होते, हेही जगाने पाहिले आहे. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात ज्वालाग्राही वायूच्या ढगाचा स्फोट झाला. २८ माणसे मेली, त्यांतील १८ जण एकट्या नियंत्रण कक्षात होती. कारखाना सुरक्षित चालावा म्हणून जी खोली असते, तिच्याच खिडक्यांनी व छपराने आपल्या माणसांचा घात केला. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १५ माणसे मेली. ती सर्व धोक्याच्या यंत्रणेजवळ सोय म्हणून आणून ठेवलेल्या तात्पुरत्या, हलक्या खोल्यांत किंवा त्यांच्या आसपास होती. ‘सोय म्हणून’ हे दोन शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहो. अंतर बहुधा कोणी द्वेषाने खात नाही. ते सोयीनेच खाल्ले जाते.

आता आपल्या घराकडे वळू. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत जेव्हा उभी राहिली तेव्हा ती गावाबाहेर होती. पुढे शहर तिच्याकडे सरकत गेले, आणि आज कारखान्याची भिंत व बिऱ्हाडाची गॅलरी यांमध्ये जागोजागी एका रस्त्याचेच अंतर उरले आहे. २६ मे २०१६ रोजी तेथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसे मेली, शेकडो जखमी झाली, आणि आसपासच्या घरांची व दुकानांची तावदाने लोकांच्या अंगांवर आली. चौकशी समिती नेमली गेली. धोकादायक कारखाने हलविण्याची भाषा झाली. पुढे २३ मे २०२४ रोजी, म्हणजे पहिल्या स्फोटास आठ वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असता, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला, पुन्हा दहाहून अधिक माणसे मेली, पुन्हा काचा फुटल्या, आणि स्थलांतराची घोषणाही पुन्हा झाली. बैल गेला नि झोपा केला अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे बैल दोनदा गेला आणि झोपा अजून व्हावयाचाच आहे.

हा दोष केवळ सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती सुमारे दोन हजार यार्डांचा जो ‘रेड झोन’ आखलेला आहे, त्यात वर्षानुवर्षे घरे उभी राहिली. कष्टाने मिळविलेला पैसा त्या घरांत गुंतलेला आहे. कर्ज मिळत नाही, दुरुस्तीस परवानगी मिळत नाही, घर विकता येत नाही. तेथील कुटुंबांची तगमग खरी आहे आणि तिची चेष्टा करणे निर्दयपणाचे होईल. परंतु निवडणूक आली की ही रेषा अलीकडे ओढण्याची वचने जे देतात, त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. नकाशावरील रेषा तुम्ही मागे न्याल. दाबाच्या लाटेस ती दाखविणार कोण? ज्या अधिकाऱ्यांनी तेथे बांधकामे होत असताना डोळे मिटून घेतले आणि ज्या विकासकांनी रेषेची वार्ता लपवून घरे विकली, त्यांच्याकडून भरपाई घेऊन त्या कुटुंबांना न्याय देता येईल. अंतर कमी करून दिलेला न्याय हा उधारीचा न्याय आहे, आणि त्याची वसुली केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही.

आणि आपण सुशिक्षित नागरिक तरी काय करतो? घर घेताना आपण स्वयंपाकघराची दिशा विचारतो, पाण्याची वेळ विचारतो, शाळा व स्टेशन किती जवळ हे विचारतो. औद्योगिक वसाहतीतील धोक्याचा साठा किती दूर आहे, हे विचारणारा खरेदीदार आमच्या पाहण्यात नाही. कचेरीची इमारत नखशिखांत काचेची असली की ती आपल्याला प्रगतीची खूण वाटते. ती काच कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न आपल्या मनास शिवत नाही. आणि रस्त्यावर धूर दिसला की आपण आजही, हॅलिफॅक्सच्या त्या सकाळीप्रमाणे, प्रथम खिडकीकडेच धावतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारार्ह आहे. प्रत्येक घराचा किल्ला करावयाचा काय? सामान्य माणसास दोन खोल्या मिळण्याची मारामार, तेथे स्फोटप्रतिरोधक बांधकामाचा खर्च कोण सोसणार? आमचे उत्तर असे की किल्ला कोणीच मागत नाही. प्रश्न इमारतीला ओरखडाही येऊ नये असा नाही. जखमी झालेल्या इमारतीने आतल्या माणसांना बाहेर पडण्याइतका अवधी द्यावा, एवढाच आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जी स्फोटमालिका झाली आणि जिने २५७ बळी घेतले, तिचा पहिला स्फोट शेअर बाजाराच्या उत्तुंग इमारतीच्या तळघरात मोटारीमध्ये झाला. तेथे अनेकांचे प्राण गेले. परंतु इमारत उभी राहिली. ती ओक्लाहोमातील इमारतीप्रमाणे खाली येती, तर त्या शुक्रवारी मुंबईने काय पाहिले असते?

आणि यास लागणारी विद्या गूढ नाही. खांबांत सळया अखंड व पुरेशा, रिंगा जवळजवळ, तुळई व खांब यांचे सांधे घट्ट बांधलेले, आणि एक खांब गेला तरी त्याचा भार शेजारच्यांनी उचलावा अशी जुळणी, हे सारे भूकंपासाठीही करावेच लागते. एकाच खर्चात दोन संकटांचे निवारण होते. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून वर मजल्यांवर मजले चढविण्याची जी रीत आपल्या शहरांत रूढ आहे, तीत सर्वांत दुबळा मजला तळाशी असतो आणि वाहनेही नेमकी त्याच खांबांना टेकून उभी असतात; तेथे अधिक कसून बांधकाम करणे हा शहाणपणाचा प्राथमिक पाठ आहे. काचेच्या बाबतीत, दोन पातळ थरांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली काच मोटारीच्या पुढच्या बाजूस असते. ती तडकते, पण तिच्या सुऱ्या होऊन उडत नाहीत. जुन्या इमारतींत साध्या काचेस आतून पारदर्शक चिवट पट्टल चिकटविता येते. मात्र ते चौकटीत पक्के धरलेले असावे, आणि चौकट भिंतीत पक्की असावी; नाहीतर तुकड्यांऐवजी अखंड तावदानच अंगावर येते. जेथे आतच स्फोट होण्याचा संभव आहे अशा खोल्यांची एक भिंत वा छप्पर मुद्दाम हलके ठेवतात, म्हणजे दाब मोकळ्या बाजूस निघून जातो आणि बाकीची इमारत वाचते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे साठाच कमी ठेवणे. जे नाही ते फुटत नाही.

हे सर्व आपल्या देशाच्या दप्तरी नाही असेही नाही. जमिनीवरील स्फोटांस तोंड देणाऱ्या रचनांचे निकष सांगणारे मानक भारतीय मानक संस्थेने १९६८ सालीच, म्हणजे रोनन पॉइंट कोसळला त्याच वर्षी, प्रसिद्ध केले होते. स्फोटकांच्या साठ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. परंतु मानक छापणे निराळे आणि नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ते मागणे निराळे. इंग्लंडमध्ये एका कोपऱ्याच्या पडण्याने दोन वर्षांत कायदा बदलला. आपल्याकडे त्याच काळातले मानक सर्वसामान्य बांधकामाच्या वाटेस सहसा आलेच नाही.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत. राज्यातील प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कोणत्या कारखान्यात कोणता धोकादायक साठा किती आहे, आणि त्याचा स्फोट झाल्यास कोठवर भिंती पडतील व कोठवर काचा फुटतील, याचे नकाशे सरकारने प्रसिद्ध करावेत व ते प्रत्येक प्रभागात मराठीत लावावेत. त्या मर्यादेच्या आत नव्या निवासी बांधकामास परवानगी देऊ नये, आणि दिल्यास ती देणाऱ्या अधिकाऱ्यास व्यक्तिशः जबाबदार धरावे. जेथे वस्ती होऊन चुकली आहे तेथे प्रथम साठा घटवावा, मग आडभिंती घालाव्यात, आणि जो कारखाना याही अटींत बसत नाही तो कामगारांच्या नोकऱ्यांची हमी देऊनच हलवावा. कामगाराच्या पोटावर पाय देऊन मिळविलेली सुरक्षितता टिकत नाही. रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके, अग्निशमन केंद्रे आणि कारखान्यांचे नियंत्रण कक्ष यांच्या खांबांची व काचांची तपासणी महापालिकांनी व सरकारने ठरावीक मुदतीत पुरी करावी. आणि प्रत्येक स्फोटाच्या चौकशीचा अहवाल विधिमंडळापुढे व जनतेपुढे यावा. चौकशीचे अहवाल कपाटात कुजू देणे म्हणजे पुढच्यास ठेच लागूनही मागच्याने शहाणे होण्याचे नाकारणे आहे.

शेवटची मागणी अग्निशामक जवानांच्या वतीने आहे. १९४४ साली मुंबईच्या गोदीत, २०१६ साली पुलगावात आणि २०२० साली बैरूतमध्ये एकच गोष्ट घडली: जे आग विझविण्यास धावून गेले तेच प्रथम मेले. कोणत्याही साठ्याच्या दारावर आत काय आहे व किती आहे हे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि ती नोंद बंब निघण्यापूर्वी दलाच्या हाती पडावी. कोठवर पुढे जावयाचे आणि कोठून मागे फिरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या अधिकाऱ्यास निःसंदिग्धपणे असावा. शौर्यास सीमा नसते; परंतु दाबाच्या लाटेस शौर्याची ओळख नसते.

भायखळ्याच्या त्या ६६ नावांसमोर आज आपण मस्तक नमवू. त्यांनी आपले काम केले. ज्यांनी कापूस व स्फोटके एकत्र भरली, ज्यांनी ते जहाज वस्तीच्या काठास आणून लावले, त्यांनी आपले काम केले नव्हते. आणि न केलेल्या कामाची किंमत करणाऱ्यांनी मोजली. आज डोंबिवलीच्या गॅलरीत संध्याकाळी खुर्ची टाकून बसलेले कुटुंब, त्यापलीकडच्या कारखान्यात पाळीवर आलेला कामगार, आणि हाक येताच निघण्याच्या तयारीत असलेला बंबवाला, हे तिघेही आपल्या न केलेल्या कामाच्या छायेत आहेत. पुष्पचक्रे संध्याकाळपर्यंत सुकतील. चौदा एप्रिल पाळावयाचा तर तो अंतर राखून, काच बदलून आणि खांब घट्ट बांधून पाळला पाहिजे.